न प्यालेलं पाणी

आमच्या साइटवर त्याला सगळे वरचा म्हणायचे. नवा मजूर आला की पहिल्याच दिवशी त्याची फिरकी घेतली जायची. सळया कधी येणार असं त्याने विचारलं की कोणीतरी चेहरा गंभीर करून सांगायचं, वरच्याच्या मनात येईल तेव्हा. तो बिचारा मान डोलवून गप्प बसायचा. मग डोक्यावर टॉवर क्रेनचा हात फिरायला लागला की सगळे दात काढायचे. वर्षानुवर्षं हाच एक विनोद. बांधकामावरच्या लोकांना नवा विनोद करायला वेळ नसतो.

मी खालचा. म्हणजे सिग्नलमन. क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं तेवढं दिसत नाही. इमारत वाढत जाते तसतशी तीच त्याच्या नजरेच्या आड येते, आणि पलीकडच्या बाजूला माल उतरवायचा असेल तर तो आंधळाच असतो. म्हणून खाली एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा राहतो आणि तो सांगेल तसं वरच्याने करायचं. डावीकडे घे. अजून. थांब. हळू सोड. माझी निम्मी हयात एकाच माणसाला डावं-उजवं सांगण्यात गेली. एक साइट संपली की दुसरी, आम्ही दोघं जोडीनेच जायचो, कारण त्याला दुसऱ्याचा आवाज चालत नसे आणि मला दुसऱ्याचा हात. पण तो माणूस मला माहीत होता असं मात्र मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. केबिनमध्ये मोरी नसते. लघवीला जायचं तर शिडीमागून शिडी उतरत खाली यायचं, पुन्हा तेवढंच चढायचं, आणि तोवर काँक्रीटचा ट्रक ताटकळत उभा, मजूर बसलेले, मुकादमाने तोंड सोडलेलं. म्हणून बहुतेक ऑपरेटर रिकामी बाटली बरोबर नेतात आणि तिथल्या तिथे भागवतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. ह्याला वाटायचं. चारी बाजूंनी काच, आणि ज्या खुर्चीत बसून डबा खायचा तिथेच हा उद्योग करायचा, हे काही त्याच्या गळी उतरेना. त्याने आपल्यापुरता सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, तेही घास अडकला तर. संध्याकाळी उतरल्यावर मग नळाला तोंड लावायचा. उन्हाळ्यात काच तापून केबिनची भट्टी व्हायची, तरी तेच. मी कधी ओरडलो तर म्हणायचा, सवय आहे शरीराला. शरीराला त्याने कधी विचारलं नव्हतं.

दुसरी सवय त्याच्या एकट्याची नव्हे, आमच्या अख्ख्या धंद्याची. दरवर्षी कंपनीचा डॉक्टर ऑपरेटरची तपासणी करतो आणि फिटनेसचा दाखला देतो. चक्कर येते का? नाही. पाठ दुखते का? नाही. काही गोळ्या चालू? नाही. डॉक्टरचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ऑपरेटरचा नाही तयार असतो. एकदा चुकून हो निघालं की माणूस खाली आला, आणि खाली आलेल्या ऑपरेटरला पुन्हा वर कोणी सोडत नाही. वरच्याची पाठ तर दिवसभर वाकून खाली बघण्याने कामातून गेली होती. पेनकिलरची पट्टी शर्टाच्या खिशात कायम. मला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, चहावाल्यालाही माहीत होतं. फक्त डॉक्टर समोर आला की ती पट्टी जगात नसायची.

वर तो राजा होता. खाली त्याला करमायचं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. साइटपासून चालत जाता येईल अशी एक खोली तो भाड्याने घ्यायचा. साइट बदलली की खोली बदलायची, पण आत गेलं की तीच खोली वाटायची. भिंतीला लागून खाट, एक शेगडी, खिडकीपाशी खुर्ची, आणि खिळ्याला उद्याचा शर्ट. टीव्ही नव्हता. संध्याकाळी काय करतोस असं मी एकदा विचारलं होतं. “बसतो,” तो म्हणाला. यावर पुढे काय विचारणार?

एकदा मी त्याला जेवायला घरी नेलं. तो खाली मान घालून जेवला, वाढलेलं सगळं संपवलं, माझ्या बायकोला छान झालंय म्हणाला आणि निघाला. दार लावून बायको माझ्याकडे वळली. म्हणाली, अहो, भावोजी तुमचे एवढे जुने मित्र, आणि तुम्ही दोघं एका शब्दाने बोलला नाहीत. मी म्हटलं, दिवसभर बोलतच असतो की. काय बोलता, ती म्हणाली, तर डावीकडे, उजवीकडे. ती इतकी हसली की मला राग आला. राग कशाचा ते तेव्हा कळलं नाही.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. पुष्कळ दिवस त्याने ते अंगावर काढलं. शेवटी एका सकाळी शिडीच्या पायथ्याशीच तो वाकून उभा राहिला आणि मी त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत यकृताजवळ काहीतरी सावली दिसली. तिथल्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन करायला सांगितलं, डाय टोचून. सावली म्हटल्यावर आमच्या दोघांच्या मनात एकच आजार आला, आणि दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही.

नातेवाईक कोण, असं खिडकीवरच्या बाईंनी विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. मग मी बाहेरच्या बाकावर त्याचे बूट, पट्टा आणि घड्याळ मांडीवर घेऊन बसलो आणि तो हॉस्पिटलचा ढगळ झगा घालून आत गेला. आत काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. मशीनवर काम करणारी मुलगी तरुण होती आणि तिला अजिबात घाई नव्हती. तिने नीट समजावून सांगितलं, की हे औषध शिरेतून जातं, त्याने आतले भाग फोटोत उठून दिसतात, आणि काम झालं की किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. तेव्हा आज आणि पुढचे दोन दिवस पाणी भरपूर प्यायचं, उन्हातान्हात जायचं नाही, अंगदुखीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. मग तिने विचारलं, पाणी किती पिता? हा म्हणाला, भरपूर. अंगदुखीच्या गोळ्या घेता? नाही. तिने रक्ताचा रिपोर्ट पुन्हा बघितला. म्हणाली, किडनीचा आकडा जरा वरच्या बाजूला आहे काका, म्हणून परत विचारते. हा परत नाही म्हणाला.

हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. ती तुला नोकरीवरून काढणार होती का रे, असं मी त्याला विचारलं. तो शरमल्यासारखा हसला. तोंडातून आपोआप निघतं, म्हणाला. पांढरा कोट दिसला की निघतंच.

पण हे सगळं पुढे. त्या दिवशी दारातून बाहेर आल्या आल्या त्याचं पहिलं वाक्य वेगळंच होतं. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मागून बघ, ओलं झालंय का.” डाय आत गेला की अंगभर ऊब पसरते आणि चड्डीत झाल्यासारखं वाटतं, असं त्या मुलीने आधीच सांगितलं होतं म्हणे. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी बघितलं, कोरडं होतं. त्याने असा सुस्कारा सोडला, जसा काही सगळा आजार तेवढाच होता.

रिपोर्ट चांगला आला. सावली म्हणजे निरुपद्रवी गाठ, जन्मापासून असेल, तिला हात लावायचं कारण नाही. परत येताना तो चक्क गुणगुणत होता. पोटाचं दुखणं जळजळीचं निघालं, त्याला वेगळी गोळी मिळाली. दोन दिवस घरी बस, असं मी बजावलं. पण दुसऱ्याच दिवशी मोठा स्लॅब भरायचा होता, आणि स्लॅब म्हटल्यावर हा घरी बसणं शक्य नव्हतं. सकाळी मी शिडीपाशी त्याला पाण्याची मोठी बाटली दिली. त्याने ती निमूटपणे पिशवीत टाकली आणि वर गेला. ऊन त्या दिवशी आग ओकत होतं. स्लॅब संध्याकाळपर्यंत चालला. उतरला तेव्हा पाठ धरून उतरला, आणि खिशातून पट्टी काढून दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. त्याच्यानंतरच्या दिवशी कॉलम भरायचं काम होतं. काँक्रीटने भरलेली बकेट क्रेनने आणायची, कॉलमच्या तोंडावर धरायची आणि खालून दांडा ओढून रिकामी करायची. बकेटखाली उभं राहू नये हा नियम आहे, पण कॉलमपाशी कोणीतरी लागतंच, आणि तिथे मी होतो. बकेट आली. मी थांब म्हटलं. ती थांबली नाही. संथपणे पुढे येत राहिली, माझ्या अंगावरून, आणि मग कुठेतरी थांबून झोके घ्यायला लागली. मी बाजूला उडी मारली आणि वॉकीटॉकीत त्याला अशी सणसणीत शिवी हासडली की शेजारचा सुतार बघायला लागला. झोपलास काय, असं मी ओरडलो. मग बकेट अलगद मागे गेली, मोकळ्या जागेवर जमिनीला टेकली, आणि वॉकीटॉकीतून त्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्याचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

“मला उतरता यायचं नाही. कोणीतरी या.”

सेफ्टीवाल्याने अग्निशमन दलाला फोन लावला आणि माणसं येईपर्यंत कोणी वर जायचं नाही असं फर्मान काढलं. मी गेलो. खालचा माणूस खाली का असतो याला कारण असतं, मला उंचीची भीती आहे. डोळे समोरच्या पायरीवर ठेवून, आईची आठवण काढत, मी ते लोखंड चढलो. केबिनचं दार उघडलं तर हा खुर्चीत मागे रेललेला. चेहरा सुजून ओळखू येईना, बूट काढून ठेवलेले, पावलं फुगून टम्म झालेली. श्वास अपुरा पडत होता. काल सकाळपासून लघवीच झाली नाही, असं तो मला म्हणाला, आणि म्हणताना त्याने काचेकडे बघितलं. त्याच्या पायाशी मी दिलेली बाटली होती. तिचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मी त्याचा हात धरला आणि न राहवून खाली बघितलं. कॉलमपाशी माझी जागा होती. तिथे आता मुकादम उभा होता, पण तो मुकादम आहे हे मला माहीत होतं म्हणून. नुसतं बघून एक पिवळी टोपी दिसत होती, बस. माणूस असा दिसतच नव्हता. खालचा गोंगाट वर येत नव्हता, फक्त वारा. इथे हा दिवसच्या दिवस बसत होता, त्या टोपीकडे बघत. मला गलबलून आलं. भीतीने असेल असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दलाच्या जवानांनी त्याला पट्ट्यांत बांधून खाली आणलं. हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टर बाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा तो कचरा, तीन-चार दिवसांत कितीतरी पटींनी वाढला होता. त्यांनी आम्हाला सांगितलं की स्कॅनचा डाय बहुतेकांना काही करत नाही. पण अंगात पाणीच नसेल तर तो किडनीत साचून राहतो, आणि त्याच वेळी पेनकिलर घेतल्या असतील तर किडनीला मिळणारं रक्तही आटतं. मग किडनी संप करते. कधी थोड्या दिवसांनी कामावर येते, कधी येत नाही. पुढचे उपचार ठरवायचे तर नेमकं काय झालं ते कळायला हवं. आणि त्यांनी त्याला विचारलं, पाणी कमी पीत होता का? गोळ्या घेत होता का?

त्याने डोळे मिटले आणि नाही म्हणाला.

मला संताप आला. मरायला टेकलाय आणि अजून फिटनेस वाचवतोय. मी त्याच्या देखत सगळं ओकलो. वर्षानुवर्षांचं न पिणं, पाठ, पट्टी, स्लॅबच्या दिवशीच्या दोन गोळ्या, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुढच्या कामाला लागल्या. ह्याने मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. साइटवर हे कळणार आणि आता आपण पुन्हा वर जात नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं असणार. मला ते शब्द बाहेर पडल्यावर कळलं, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मानेत नळी घालून डायलिसिस चालू झालं. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी काम संपलं की जायचो, कॉटशेजारच्या स्टुलावर बसायचो. तो छताकडे बघायचा. माझी बायको बिनमिठाचा डबा घेऊन यायची, तिच्याशी तो दोन शब्द बोलायचा. मी काही विचारलं तर नर्सकडे बघून उत्तर द्यायचा. मी काय असा मोठा गुन्हा केला होता? घरी येऊन मी बायकोवर चिडायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर जाऊन बसायचो.

त्याची मुलगी आली. लहान मूल सासूकडे ठेवून आली होती, त्यामुळे फार दिवस राहता येणार नव्हतं. बाप झोपला होता तेव्हा ती माझ्याबरोबर बाहेरच्या जिन्यात येऊन बसली. काका, तुम्हाला मी पहिल्यांदा बघतेय, पण तुम्ही मला ओळखीचे आहात, असं ती म्हणाली. बाबा दर रविवारी फोन करतात. स्वतःचं काही सांगत नाहीत. आज काकाचा घसा बसला होता, आज काका घरी भांडून आला असावा, आज काका खुशीत होता, त्याच्या नातवाचं काहीतरी असेल. एवढंच बोलतात. मी ऐकत राहिलो. मला वाटायचं वर फक्त डावं-उजवं पोचतं.

आणि तोच माणूस आत भिंतीकडे तोंड करून पडला होता.

किडनी हळूहळू कामावर आली. कॉटला लटकवलेल्या पिशवीत एक दिवस चमचाभर लघवी दिसली, आणि नर्सने वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात ती जाहीर केली. ज्या माणसाने आयुष्यभर ही गोष्ट जगापासून लपवली, त्याची लघवी आता रोज मापाने मोजून सगळ्यांना सांगितली जात होती. शेजारच्या कॉटवरचे आजोबा त्याला शाबासकी द्यायचे. पहिल्यांदा तो लाजून लाल झाला. मग एक दिवस त्यानेच आजोबांना आजचा आकडा सांगितला, आणि मी स्टुलावर बसून हसलो. तोही हसणार होता, पण मी आहे हे लक्षात येऊन थांबला.

घरी सोडताना डॉक्टर बाई म्हणाल्या की किडनी सगळी पहिल्यासारखी नाही होणार, पण डायलिसिसची गरज उरलेली नाही. पेनकिलर पुन्हा हातात धरायची नाही. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचं. काम करू शकतो का, असं त्याने विचारलं. बसून करायचं काम असेल तर करा, त्या म्हणाल्या. क्रेनच्या खुर्चीत माणूस बसूनच असतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

आणि नवल म्हणजे साइटवर त्याला परत वर पाठवायला सगळे एका पायावर तयार होते. बदली ऑपरेटरने इंजिनिअर साहेबांच्या नाकी नऊ आणले होते. साहेब म्हणाले, कंपनीच्या डॉक्टरचा फिटनेस आणा, हॉस्पिटलचे कागद आम्ही मागत नाही. मुकादमाने त्याच्या कानात सांगितलं की बाटली घेऊन वर जा, कोणी दुर्बीण लावून बघत नाही. म्हणजे सगळं परत कंपनीच्या डॉक्टरच्या त्या एका खोलीवर येऊन थांबलं. आत जायचं, नाही नाही म्हणायचं, सही घेऊन बाहेर यायचं. वर जाण्यासाठी त्याचा जीव तुटत होता, हे मला त्याने न सांगता दिसत होतं. रोज संध्याकाळी तो साइटच्या फाटकाबाहेर येऊन क्रेनकडे बघत उभा राहायचा.

मी त्याच्याबरोबर गेलो. त्याने ये म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. डॉक्टरचं दार उघडंच होतं. आपण आलात, वा वा, असं म्हणत डॉक्टरने पेन उचललं आणि त्याच्याकडे न बघता सुरू केलं. चक्कर येते का?

“हो.”

डॉक्टरचं पेन पुढच्या प्रश्नावर पोचलंसुद्धा होतं. ते थबकलं. पाठ? हो. गोळ्या? घ्यायचो, आता बंद. मोठा आजार? किडनी. डायलिसिस झालं. डॉक्टरने चष्मा काढला. इतकी वर्षं तर तुम्ही सगळ्याला नाही म्हणत होता, असं तो म्हणाला. हा म्हणाला, “खोटं बोलत होतो.”

तो बाहेर आला तेव्हा मी जागच्या जागी पेटलो होतो. डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इतकी वर्षं जे बोललास ते आजच का विसरलास? आता बस खोलीत भिंतीकडे बघत. मी अजून खूप काही बोललो. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून ऐकत होता, आणि मग इतक्या आठवड्यांनंतर पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला.

“त्या दिवशी तू थांब म्हणालास?”

म्हणालो की.

“मला ऐकू आलं नाही. डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आलो तेव्हा माझा हात तसाच होता आणि बकेट तुझ्या टोपीच्या वर होती. टोपी दिसत नव्हती. मला वाटलं, गेलास. खाली बघायची हिंमत होईना. मग तू शिवी दिलीस.”

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.

“हॉस्पिटलात तू येऊन बसायचास,” तो म्हणाला, “आणि मला तेच दिसायचं. तुझ्याशी काय बोलू?”

इतके दिवस मी समजत होतो की हा माझ्यावर रागावलाय. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघंही असल्या गोष्टींना सरावलेले नव्हतो, त्यामुळे तो हात तिथे किती वेळ ठेवायचा आणि कधी काढायचा ते मला समजेना.

महिन्याअखेरीस मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. सामान एवढं थोडं होतं की गाडीत मागची सीट रिकामीच राहिली. मी अजून खालीच आहे. नवा पोरगा चलाख आहे, हात चांगला आहे, बाटली घेऊन वर जातो. थांब म्हटलं की थांबतो. परवा माझा घसा बसला होता, त्याला तिसऱ्यांदा सांगितल्यावर ऐकू आलं आणि तो मोठ्याने बोला म्हणाला. मला त्याचा काही राग नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मला इतकं एकटं वाटलं की बसथांब्यावर मी दोन बस सोडून दिल्या.

रविवारी वरच्याचा फोन येतो. त्याला नातवंडं आहेत, मुलगी-जावई चांगली आहेत, स्वतंत्र खोली आहे, आणि तो संध्याकाळी बसतो. पाणी पितोस का, असं मी विचारतो. पितो, म्हणतो. रक्ताचा आकडा सांगतो. मी साइटवर कितवा मजला चालू आहे ते सांगतो. मग दोघांचंही बोलणं संपतं. तो काही ठेवतो म्हणत नाही, मीही म्हणत नाही, आणि आम्ही दोघं कानाला फोन लावून तसेच बसून राहतो.